समुद्र वर येतोय: पर्यटनाचा किनारा वाचवायला भिंत, की निसर्गाकडून शिकून काही?

रेखाटणी

नमस्कार मंडळी. मी लँडस्केप डिझाइनमध्ये आहे, किनाऱ्याचं इंजिनिअरिंग हा माझा विषय नाही म्हणून इथे विचारतेय, कुणी या कामात असेल तर जरा सविस्तर सांगा.

आमच्या टीमकडे एका पर्यटन किनाऱ्याचं काम आलंय. उघडी वाळूची पुळण, लांबी दीडेक किलोमीटर, मागे फिरायचा रस्ता आणि रस्त्याला लागूनच हॉटेलं. पुळण वर्षागणिक अरुंद होत चाललीये आणि मागच्या दोन वादळांत लाटा थेट रस्त्यावर आल्या, कठडा पडला, तळघरांत पाणी गेलं. क्लायंटसमोर सध्या दोन प्रस्ताव आहेत. एक म्हणजे रस्त्याच्या कडेने उंच काँक्रीटची भिंत आणि पायथ्याशी टेट्रापॉड, म्हणजे लाटा फोडायला टाकतात ते चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे. दुसरा 'निसर्गप्रेरित' म्हणून आलाय, त्यात खारफुटीच्या मुळांसारखे ठोकळे, पाण्याखाली प्रवाळासारखी रचना, थोडी झाडं, आणि चित्रं फार सुंदर आहेत. पण चित्रांच्या मागे काही काम आहे का हे मला कळत नाहीये.

माझी अडचण अशी की भिंतीचा प्रस्ताव बघितला की पोटात गोळा येतो, कारण लोक येतात ते वाळूसाठी, भिंत राहिली आणि वाळू गेली तर आपण वाचवलं काय? दुसरीकडे सुंदर चित्रांवर विश्वास ठेवला आणि उद्या वादळात माणसं अडकली तर तो दोष कायम आपल्या मनावर राहणार. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती, तिच्या २०२१ च्या अहवालात १९०१ ते २०१८ मध्ये जगभरातला समुद्र सरासरी २० सेंटिमीटर वाढला असं दिलंय, आणि २००६ ते २०१८ मधला वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर. २१०० पर्यंत उत्सर्जन अगदी कमी ठेवलं तरी २८ ते ५५ सेंटिमीटर, खूप जास्त राहिलं तर ६३ सेंटिमीटर ते १ मीटर. म्हणजे आज जे बांधू ते चाळीस-पन्नास वर्षांनी वेगळ्याच पाण्यात उभं असणार. तर निसर्गाची नक्कल अशा वेळी खरंच टिकते का, कुठे टिकली, कुठे फसली, आणि असा प्रस्ताव हातात आला की पहिला प्रश्न कुठला विचारायचा?

लाटांचा_हिशोब

रेखाटणी ताई, पहिला प्रश्न मी सांगतो: तुमच्या किनाऱ्यावर वाळू येते कुठून आणि जाते कुठे? याचं उत्तर प्रस्तावात नसेल तर दोन्ही प्रस्ताव बाजूला ठेवा, भिंतीचाही आणि सुंदर चित्रांचाही.

मी पंचवीस वर्षं किनाऱ्याची कामं करतोय आणि भिंती मी स्वतः बांधल्यात, त्यामुळे हे कुणावर टीका म्हणून नाही सांगत. पुळण ही स्थिर वस्तू नाहीये. वादळात लाटा वरची वाळू ओढून आत नेतात, तिथे पाण्याखाली वाळूचा दांडा तयार होतो, मग पुढच्या लाटा त्या दांड्यावरच फुटायला लागतात आणि किनाऱ्याला मार कमी बसतो, आणि समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत वर येते. हाच किनाऱ्याचा बचाव आहे आणि त्याला मागे-पुढे व्हायला जागा लागते. तुम्ही मागे भिंत घातली की पुळणीमागच्या वाळूच्या टेकडीतली राखीव वाळू मिळायची बंद झाली, लाट भिंतीवर आपटून परत फिरते, पायथा खरवडला जातो, आणि समुद्राची पातळी वाढतेय म्हणून पाणी मागे यायला बघतं पण पुळणीला मागे सरकायला जागाच उरत नाही, म्हणून ती मधल्यामध्ये संपते. तुमच्या पोटात गोळा येतो तो बरोबर येतो.

मागे सरकणं म्हणजे किती? ब्रून नावाच्या किनारा अभियंत्यांनी १९६२ मध्ये एक ठोकताळा मांडला, त्यानुसार पातळी जेवढी वाढेल त्याच्या साधारण ५० ते १०० पट किनारा मागे जातो. अर्धा मीटर वाढ म्हणजे २५ ते ५० मीटर. हा नियम फार ढोबळ आहे, खडक असेल, खाडीचं तोंड जवळ असेल, वाळूचा पुरवठा बदलला असेल तर चुकतो, पण क्लायंटला प्रश्नाचा आकार समजावायला पुरे. तुमची पुळण आज किती रुंद आहे ते मोजा आणि त्यातून हा आकडा वजा करून दाखवा.

वाळूचा हिशोब चुकला की काय होतं याचं मी नेहमी देतो ते उदाहरण पुदुच्चेरीचं. तिथे किनाऱ्यालगत वाळू वर्षभराचा हिशोब धरला तर दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. १९८० च्या दशकात बंदराचे ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवायला समुद्रात काढलेले बांध झाले, वाळू दक्षिणेला अडली आणि उत्तरेला शहरासमोरची पुळण गेली. मग दगड टाकले, आणि वर्षानुवर्षं तिथे लोक समुद्र बघायला यायचे ते दगडांवर उभं राहून. २०१८ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने उत्तर टोकाला पाण्याखाली पाचरीच्या आकाराची पोलादी रीफ, म्हणजे लाटांचा जोर मोडणारी रचना, बसवली, सोबत वाळूही भरली, आणि पुळण परत दिसायला लागली. माझ्या मते त्यातली शिकण्यासारखी गोष्ट रीफचा आकार नाहीये, वाळू कुठल्या बाजूने येते ते आधी समजून घेऊन रीफ ठेवली ही आहे.

आणि निसर्गाकडून शिकायचंच तर नेदरलँड्सकडे बघा, तिथे आकाराची नक्कल फारशी नाही, कामाची आहे. १९९० पासून त्यांचं धोरणच आहे की किनारारेषा वाळू घालून राखायची, अलीकडच्या काळात वर्षाला साधारण १ कोटी २० लाख घनमीटर. २०११ मध्ये त्यांनी द हेगच्या दक्षिणेला एकाच ठिकाणी २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू टाकली, समुद्रात किलोमीटरभर गेलेला आकडीसारखा भूभाग, त्याला 'झांडमोटर' म्हणतात. कल्पना अशी की दर चार-पाच वर्षांनी समुद्रतळ ढवळण्यापेक्षा एकदाच भरपूर द्यायची आणि वारा, लाटा, प्रवाह यांनाच ती पुढची वीसेक वर्षं दोन्ही बाजूंना वाटू द्यायची. वाळू खरोखर वाटली गेली. लोक फिरायला यायला लागले, काइटसर्फिंगवाले आले. पण अपेक्षेपेक्षा एक गोष्ट हळू झाली, मागच्या टेकड्यांची वाढ, कारण मध्ये ठेवलेल्या तळ्यात आणि उथळ खाजणात वाऱ्याने उडालेली वाळू पडत राहिली आणि वरती शिंपल्यांचा थर उरला तो वाळू उडू देईना. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तिथे इतकं मोजलं गेलं म्हणूनच हे कळलं.

खोलपाणी

लाटांचा हिशोब सरांचं वाळूबद्दलचं सगळं मान्य, मी पाण्याखालची बाजू सांगते. मी सागरी जीवशास्त्रात आहे, प्रवाळ आणि कृत्रिम रीफ यावर डायव्हिंग करून काम करते.

प्रवाळ किनारा कसा वाचवतं हे समजलं तर प्रस्तावातली चित्रं तपासायला सोपं जाईल. २०१४ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये जगभरातल्या मोजमापांचा एकत्र अभ्यास आला होता, त्यात प्रवाळभिंत लाटेची सरासरी ९७ टक्के ऊर्जा कमी करते असं निघालं, आणि त्यातली ८६ टक्के नुसत्या माथ्यावर, म्हणजे जिथे भिंत पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येते तिथे. उरलेलं काम मागचा खडबडीत सपाट भाग करतो. म्हणजे दोन गोष्टी काम करतात, माथ्यावरचं पाणी उथळ असणं आणि तळ खडबडीत असणं. फांद्यांसारखे नक्षीदार ठोकळे सहा मीटर खोल पाण्यात ठेवले तर माशांना घर मिळेल, ती चांगलीच गोष्ट आहे, पण लाट त्यांच्यावरून निघून जाईल. म्हणून प्रस्ताववाल्यांना विचारा की माथा ओहोटीला आणि भरतीला पाण्याच्या किती खाली असणार.

आता यातच समुद्रपातळीचा मुद्दा येतो आणि तो बहुतेक ठिकाणी कुणी बोलत नाही. समजा माथा आज अर्धा मीटर खाली आहे आणि समुद्र अर्धा मीटर वाढला, तर आता पाणी एक मीटर झालं, आणि जी लाट आज तिथे फुटते ती उद्या न फुटता वरून जाईल. काँक्रीट वर वाढत नाही. जिवंत प्रवाळ वाढतं, कालवांची रीफ वाढते, म्हणजे जुन्या शिंपल्यांवर नवीन कालवं बसत जातात आणि जागा बरोबर असेल तर ती पातळीबरोबर वर येऊ शकते. कालवं म्हटलं की लोकांना फक्त खाणं आठवतं, पण ती समुद्राची गवंडी आहेत. मात्र कालवांना खाडीसारखं मध्यम लाटांचं पाणी लागतं, तुमच्या उघड्या पुळणीसमोर मोठ्या लाटांत ती धरतील अशी आशा ठेवू नका.

प्रवाळाचंही स्वप्न रंगवायला मला जीभ धजत नाही. एप्रिल २०२४ मध्ये चौथी जागतिक प्रवाळ विरंजनाची, म्हणजे पाणी तापून प्रवाळ पांढरं पडण्याची, घटना जाहीर झाली, ज्या रीफवर मी शिकले तिचा पांढरा पडलेला माथा मी स्वतः बघितलाय आणि ते दृश्य मनातून जात नाही. पाणी तापत राहिलं तर लावलेलं प्रवाळही मरणार. म्हणून असलेली रीफ वाचवणं हे नवीन बांधण्यापेक्षा कितीतरी पटीने महत्त्वाचं. मेक्सिकोच्या किंताना रू राज्यात, म्हणजे कान्कूनच्या बाजूला, यासाठी एक वेगळी गोष्ट झाली. सगळा पर्यटनाचा किनारा रीफच्या आड आहे हे ओळखून तिथे २०१९ मध्ये रीफचाच विमा काढला, वाऱ्याचा वेग ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की नुकसान मोजत न बसता पैसे मिळणार. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये डेल्टा वादळ आलं, विमा लागू झाला, आणि आधीच शिकवून तयार ठेवलेल्या डायव्हर लोकांच्या तुकड्यांनी तुटलेले प्रवाळाचे तुकडे लगेच परत बसवले. तुटलेला तुकडा वाळूत घोळत राहिला की काही दिवसांत मरतो, म्हणून ती घाई. ताई, तुमच्या किनाऱ्यासमोर थोडी जरी नैसर्गिक रीफ किंवा समुद्री गवताचं कुरण असेल तर नकाशावर ते आधी काढा.

बाकी खारफुटीच्या मुळांसारख्या पॅनेलबद्दल: सिडनीत २०१८ पासून 'लिव्हिंग सीवॉल्स' म्हणून काम सुरू आहे, असलेल्या सपाट भिंतीवर खाचा, कपारी, मुळांसारखे आकार असलेली पॅनेल बसवतात आणि त्यावर शेवाळ, शिंपले, छोटे जीव सपाट भिंतीपेक्षा जास्त येतात. छान काम आहे, मनापासून आवडतं मला. पण त्याचा उद्देश भिंतीवर जीवन आणणं हा आहे. तुमच्या प्रस्तावात तेच पॅनेल पूर रोखणार म्हणून लिहिलं असेल तर ते चुकीचं लिहिलंय.

खडकफोड्या

एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, कारण पाण्याखालची रचना म्हटली की सगळे खुश होतात, दिसत नाही, व्ह्यू बिघडत नाही, म्हणून हॉटेलवाल्यांना लगेच पटते.

फ्लोरिडात पाम बीचला १९९२-९३ मध्ये काँक्रीटच्या तयार तुकड्यांची लांबलचक पाण्याखालची भिंत किनाऱ्याला समांतर टाकली होती, नाव रीफच दिलेलं. मोजमापात निघालं की तिच्या आड धूप कमी न होता वाढली. कारण समजून घ्या, लाटा भिंतीवरून पाणी आत ढकलतात, ते पाणी परत भिंतीवरून सहज जात नाही, मग ते भिंत आणि किनारा यांच्यामध्ये तुंबतं आणि किनाऱ्याला समांतर वाहत टोकाकडे निघतं, आणि जाताना वाळू घेऊन जातं. १९९५ मध्ये ती काढून टाकली. इंग्लंडमध्ये बॉस्कमला २००९ मध्ये वाळूच्या मोठ्या पिशव्यांची सर्फिंग रीफ केली, तीही फसली, पिशव्या फाटल्या आणि २०११ मध्ये बंद करावी लागली. दुसरीकडे ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला नॅरोनेकची पिशव्यांची रीफ १९९९-२००० मध्ये झाली ती इतकी वर्षं काम देतेय, पण तिथे सोबत वाळूची भर आणि नंतर डागडुजी पण केली. म्हणजे साधारण तीच वस्तू, एका ठिकाणी चालली, एका ठिकाणी नाही. किनाऱ्यापासूनचं अंतर, मध्ये ठेवलेल्या फटी आणि माथ्याची उंची यावर सगळं आहे. मॉडेल करून, टाकीत प्रयोग करून मगच.

मी स्वतः एका कामावर होतो (जागा सांगत नाही) तिथे हे तपासायला वेळ दिला नव्हता आणि शेजारच्या गावाची पुळण दोन हंगामांत निम्मी झाली, ते लोक येऊन आम्हाला विचारत होते आमचं काय चुकलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते आजही टोचतं.

लाटांचा_हिशोब

खडकफोड्या भाऊ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. पाम बीचचं उदाहरण मी पण शिकवताना घेतो. ताई, यातून एवढंच घ्या की पाण्याखालची रचना ठेवली तर वाळूची भर सोबतच हवी, आणि कुठल्याही रचनेचा परिणाम तुमच्या हद्दीच्या बाहेर किती जाणार ते कागदावर मागा.

सकाळची_भरती

मी इंजिनिअर नाही, समुद्रकिनारी छोटं राहण्याचं ठिकाण बारा वर्षं चालवलंय, त्या बाजूने बोलतो.

आम्ही सुरुवातीला रोज पहाटे पुळण दाताळ्याने साफ करून घ्यायचो, वाहून आलेलं गवत, काटक्या सगळं उचलायचो, पाहुण्यांना चकचकीत हवं म्हणून. आणि खोल्यांसमोरची वाळूची टेकडी व्ह्यूला आड येते म्हणून सपाट केली. कुणी सांगितलंच नाही की तीच टेकडी आमची ढाल होती. एका वादळात वऱ्हांडा गेला तेव्हा शेजारच्याकडे टेकडी होती त्याच्याकडे फक्त टेकडीचा पुढचा भाग कापला गेला, घर कोरडं. तेव्हापासून माझं डोकं बदललं.

नंतर आम्ही एवढंच केलं. टेकडीच्या जागी लाकडी काटक्यांचं बुटकं कुंपण घातलं, वाऱ्याने वाळू आली की तिथे वेग कमी होऊन पडायची, आणि समोर मर्यादवेल लावली. ही वेल जमिनीलगत पसरत जाते, पेरापेराला मुळं धरते, खारट वारा सोसते, आणि वाळूत गाडली गेली तरी वर निघते. नावातच बघा, समुद्राची मर्यादा दाखवणारी वेल, आपल्या जुन्या लोकांना तिचं काम ठाऊक होतं. पाहुण्यांना समुद्राकडे जायला सरळ वाट न ठेवता जरा वळणाची, जमिनीपासून उचललेली लाकडी पायवाट केली, कारण सरळ फट ठेवली की वारा आणि पाणी दोन्ही त्याच फटीतून आत शिरतात. पहिली दोन वर्षं लोक म्हणायचे समुद्र दिसत नाही खोलीतून, कुंपण कसलं. मी प्रत्येकाला बाहेर नेऊन दाखवायचो. आता लोक त्या पायवाटेचेच फोटो काढतात.

आणि ते वाहून आलेलं गवत उचलणं मी बंद केलं, म्हणजे प्लास्टिक हाताने वेचतो, गवत राहू देतो.

खोलपाणी

गवताचं तुम्ही सांगितलंत त्याला जोडून. भूमध्य समुद्रात पोसिडोनिया नावाचं समुद्री गवत आहे, त्याची वाळलेली पानं किनाऱ्यावर मोठ्या थरात साचतात, कधी कमरेइतके. पर्यटकांना ते घाण वाटतं म्हणून उन्हाळ्याआधी मशिनने उचलतात आणि सोबत कितीतरी वाळू पण जाते. तो थर थंडीतल्या वादळांत पुळणीची उशी असतो. आता काही ठिकाणी निदान हिवाळाभर राहू देतात आणि हंगामाआधी हलक्या हाताने काढतात. निसर्गप्रेरित डिझाइन म्हणजे प्रत्येक वेळी काहीतरी नवीन बांधणं नसतं, काय उचलायचं नाही हे ठरवणंही डिझाइनच आहे.

रेखाटणी

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, मी रात्री दोनदा वाचलं. सकाळची भरती दादा, तुमच्या वऱ्हांड्याचं वाचून वाईट वाटलं, पण हे इतकं उघडपणे सांगितलंत त्याने क्लायंटशी बोलायचं बळ आलं.

दोन शंका. एक, क्लायंटमधल्या एकांचा आग्रह आहे की समोर खारफुटी आणि मागे सुरूची रांग लावू, झाडं म्हणजे संरक्षण. दुसरी, आमच्याकडे मागे जागाच नाही, रस्ता आणि हॉटेलं पुळणीला चिकटून आहेत. मग टेकडी करायची कुठे?

खोलपाणी

खारफुटी तुमच्याकडे नको. ती गाळाच्या, आडोशाच्या, भरती-ओहोटीच्या जागेत वाढते, उघड्या वाळूवर लावली तर रोपं पहिल्या हंगामातच उपटून जातात आणि मग लोक म्हणतात निसर्गाने काही होत नाही. योग्य जागी तिची ताकद मोठी आहे, १०० मीटर रुंद पट्टा लाटेची उंची १३ ते ६६ टक्के कमी करतो असं मोजलं गेलंय. पण वादळाच्या वेळी समुद्राची सगळी पातळीच फुगते ती वेगळी गोष्ट, ती खारफुटीच्या एका किलोमीटरमागे साधारण ५ ते ५० सेंटिमीटर उतरते. म्हणजे लाटेसाठी शंभर मीटर कामाचे, फुगवट्यासाठी किलोमीटरच्या हिशोबात जंगल लागतं. जवळ खाडी असेल तर तिथली खारफुटी राखायला सांगा, तिकडून शहरात शिरणारं पाणी थोडं तरी धरेल.

सुरूही पुढच्या रांगेत नको. मुळं उथळ, वादळात मुळासकट पडतो, खाली सुयांचा थर साचून दुसरं काही उगवत नाही, आणि कासवांना अंडी घालायला जागा उरत नाही. फ्लोरिडात तर तो उपद्रवी परका वृक्ष मानतात आणि किनाऱ्यावरून काढतात. पुढे वेली आणि गवत, मागे झुडपं, त्याच्या मागे झाडं, हा क्रम वाऱ्याने आणि मिठाने ठरवलेला आहे, तो आपण बदलू नये.

लाटांचा_हिशोब

जागेचं उत्तर दोन प्रकारे मिळतं, पुढे किंवा मागे.

पुढे म्हणजे समुद्राच्या बाजूला वाळू घालून नवी जागा करायची. नेदरलँड्समध्येच हॉन्ड्सबॉस नावाचा जुना दगडी बांध होता, समोर पुळण नव्हतीच. २०१५ मध्ये त्याच्या पुढे साडेतीन कोटी घनमीटर वाळूची पुळण आणि टेकड्या केल्या, आता लोक तिथे पोहायला जातात. आणि कातवेक हे तुम्ही डिझाइनवाल्यांनी नक्की बघावं असं काम, तेही २०१५ चंच. गावासमोर टेकडी केली, तिच्या पोटात बांध लपवला, आणि बांधाच्या मागे टेकडीखालीच साडेसहाशेच्या वर गाड्यांचं पार्किंग. वरून बघितलं तर वाळू, गवत, पायवाटा. टेकडी नेहमीच्या लाटा सोसते, फारच मोठं वादळ टेकडी खाऊन आत आलं तर बांध उभा आहे. ताई, तुमची माणसं अडकण्याची जी भीती आहे त्याला हे उत्तर मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं. भिंत हवीच असेल तर ती शेवटची ओळ म्हणून, वाळूत गाडलेली, मागच्या बाजूला. पण यासाठी त्याच जातीची आणि जाडीची वाळू जवळपास मिळायला हवी, बारीक वाळू घातली तर समुद्र लवकर नेतो, आणि ती काढताना समुद्रतळाचं नुकसान होतं ते वेगळं. हे काम एकदा करून संपत नाही, काही वर्षांनी भर घालत राहावं लागतं, क्लायंटला ते आजच सांगा.

मागे म्हणजे आपणच सरकायचं. कॅलिफोर्नियात व्हेंचुराला सर्फर्स पॉइंट आहे, तिथे सायकलचा रस्ता आणि पार्किंग लाटांनी कातरलं जात होतं. भिंत घालायच्या ऐवजी २०११ पर्यंतच्या पहिल्या टप्प्यात पार्किंग आणि रस्ता मागे घेतला, मोकळ्या झालेल्या पट्ट्यात खाली गोट्यांचा थर पुरला आणि वर वाळूची टेकडी केली. गोटेच का, तर शेजारच्या नदीच्या मुखाशी निसर्गात तसेच गोटे आहेत. गोट्यांच्या फटींतून लाटेचं पाणी खाली मुरतं, परत फिरताना वाळू ओढायची ताकद कमी होते, आणि वादळात गोटे थोडे सरकतात, उतार स्वतःच बदलतो, काँक्रीटसारखे एकदम फुटत नाहीत. हॉटेलं हलणार नाहीत हे मला कळतं. पण तुमचा फिरायचा रस्ता? तो मागे घेता येतो का, किंवा खांबांवर उचलून खालून वाळूला मोकळीक देता येते का, ते बघा. दहा-पंधरा मीटर जरी मिळाले तरी बुटकी टेकडी बसते.

सकाळची_भरती

रस्ता मागे घ्यायला हॉटेलवाले आधी नाही म्हणतील, त्यांच्या दारासमोरची जागा जाते ना. त्यांना मागच्या दोन वादळांनंतर किती दिवस खोल्या बंद होत्या ते त्यांच्याच वहीतून काढायला लावा. माझं मत तसंच बदललं होतं.

रेखाटणी

हे मी उद्याच्याच बैठकीत विचारते. मी आता असं ठरवतेय की दोन्ही प्रस्तावांवर हो किंवा नाही न म्हणता आधी वर्षभर मोजमापाला मागायचं, तोवर रस्त्याच्या धोक्याच्या तुकड्यावर काढता येतील अशा वाळूच्या पिशव्या, आणि टेकडी-कुंपणाचा छोटा प्रयोग एका टोकाला. वर्ष पुरेल का, आणि मोजायचं नेमकं कसं? आमच्याकडे मोठी उपकरणं नाहीत.

लाटांचा_हिशोब

वर्ष हे कमीत कमी. पुळण ऋतूप्रमाणे जाडी-बारीक होते, एकच मोजणी करून निष्कर्ष काढला तर फसाल. पक्क्या बांधकामावर खुणा करा, दर शंभरेक मीटरवर एक, आणि तिथून पाण्यापर्यंत सरळ रेषेत वाळूची उंची घ्या, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला घ्या म्हणजे जास्त आतपर्यंत जाता येतं. महिन्यातून एकदा, आणि प्रत्येक वादळाच्या आधी आणि नंतर. साधी लेव्हलची पट्टी आणि दोन काठ्या घेऊन विद्यार्थी हे करतात, महाग उपकरण नसलं तरी चालतं, खूण मात्र हलता कामा नये. प्रत्येक रेषेवर वरची, मधली आणि पाण्याजवळची वाळू मूठमूठ पिशवीत भरून ठेवा, पुढे भर घालायची वेळ आली तर दाण्याची जाडी जुळवायला लागेल.

खडकफोड्या

आणि खुणा फक्त तुमच्या दीड किलोमीटरात करू नका. दोन्ही टोकांच्या पलीकडे, शेजाऱ्यांच्या किनाऱ्यावर पण तीन-चार करा आणि त्यांना बोलावून त्यांच्यासमोर करा. तुमच्या कामानंतर तिकडे काही बदललं तर ते सगळ्यात आधी तिथल्याच खुणेवर दिसेल.